पैसा वजनामागे जाऊ द्या : माल वाहणाऱ्या राज्य महामार्गांसाठी खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. वित्तमंत्री, मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि विधिमंडळाचे सर्व सदस्य

विषय : मालवाहतुकीच्या राज्य महामार्गांना निधी देण्याची पद्धत बदलण्याबाबत

महोदय,

जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचे भूसंपादन आणि आखणी यासाठी २०,७८७ कोटी रुपयांना मान्यता दिली. ८०२ किलोमीटरच्या त्या रस्त्याचा एकूण अंदाज तेव्हाच ८६ हजार कोटींच्या पुढे गेलेला होता. त्याच महिन्यात ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शेवटपर्यंत खुला झाला. शक्तिपीठ व्हावा की होऊ नये, हा वाद ज्यांच्या जमिनी जाणार आहेत ते शेतकरी मांडत आहेत आणि तो त्यांचा हक्क आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. ऊस, कांदा, द्राक्षे, दूध, साखर, खत, सिमेंट आणि सळई यांचा प्रवास द्रुतगती मार्गावर सुरू होत नाही. तो शेतातून, बाजार समितीतून, कारखान्याच्या गेटातून निघतो आणि पहिला पल्ला राज्य महामार्गावरून जातो. त्या पल्ल्याला पैसा कोणत्या हिशोबाने मिळतो, हे आम्हाला समजत नाही आणि जे समजते ते पटत नाही.

आम्ही माल वाहणारे, माल भरणारे आणि रस्त्यांची कामे केलेले लोक आहोत. रस्ता खराब झाला की कमानपाटे तुटतात, टायर लवकर जातात, डिझेल जास्त लागते, दिवसात दोन होणाऱ्या फेऱ्या एकवर येतात. हा खर्च भाड्यात चढतो आणि भाडे शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापले जाते. द्राक्षाच्या पेटीत हादऱ्याने मणीगळ झाली की दर पडतो. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला गेला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. आमचा संबंध एवढा थेट आहे. म्हणून तक्रारी मुद्द्यांनुसार मांडतो.

१. रस्ता गाड्या मोजून आखला जातो, वजन मोजून नाही.

डांबरी रस्त्याची जाडी ठरते ती किती एक्सल, म्हणजे चाके जोडणारे आस, किती भार घेऊन जातात यावर. अभियांत्रिकीत मापाचा एक्सल ८.१६ टनांचा धरतात. भार वाढला की झीज त्याच प्रमाणात वाढत नाही, ती साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे भार दुप्पट तर झीज सोळापट. १०.२ टनांचा एक्सल रस्त्याची झीज मापाच्या एक्सलच्या जवळजवळ अडीचपट करतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली आणि जोड एक्सलची १९ वरून २१ टन. ११.५ टनांचा एक्सल जवळजवळ चौपट झीज करतो. म्हणजे भार पावणेतेरा टक्क्यांनी वाढला आणि झीज साठ टक्क्यांहून अधिक. त्याआधी आखलेले राज्य महामार्ग नव्या भाराला पुरतात का, याची रस्तानिहाय तपासणी करून तिचा निकाल जाहीर करायला हवा होता. सोळा टनांचा बेकायदा एक्सल तर पंधरापटीच्या जवळ जातो. खडी-वाळूची एक रात्रीची रांग रस्त्याचे काय करते ते यावरून कळेल.

आता गणनेकडे या. भारतीय रस्ते काँग्रेसच्या म्हणजे आयआरसीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे वाहतूक गणना वर्षातून दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास करायची असते आणि त्यातली एक सुगीच्या भरात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात भर म्हणजे गळीत हंगाम, नोव्हेंबर ते मार्च. गणना मे महिन्यात किंवा पावसाळ्यात उरकली तर उसाची एकही ट्रॉली कागदावर येत नाही. आली तरी ‘ट्रॅक्टर’ म्हणून नोंद होते. दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या वर ऊस असतो, पण त्या ट्रॉल्यांच्या एक्सलवर किती भार पडला हे रस्त्यावर कोणी पाहत नाही.

याचा परिणाम आकड्यांत मांडतो. दोन पदरी रस्ता, दोन्ही दिशांना मिळून रोज ८०० मालवाहू गाड्या, वाढ वर्षाला ५ टक्के, आयुष्य २० वर्षे. आयआरसी ३७ या डांबरी रस्त्यांच्या आखणीच्या मार्गदर्शिकेतल्या तक्त्यात अशा वाहतुकीला सपाट प्रदेशासाठी ३.९ हा गुणक दिला आहे, म्हणजे सरासरी एक मालवाहू गाडी मापाच्या ३.९ एक्सलांइतकी झीज करते. तो धरला तर रस्ता सुमारे १ कोटी ८८ लाख मापाच्या एक्सलांसाठी आखावा लागतो. त्याच रस्त्यावर एक्सलचे वजन प्रत्यक्ष करून गुणक ८ निघाला तर आकडा ३ कोटी ८६ लाखांवर जातो. मग ३.९ धरून बांधलेला वीस वर्षांचा रस्ता बाराव्या वर्षीच आयुष्य संपवतो आणि सगळे ठेकेदाराला दोष देऊन मोकळे होतात. तक्त्यातला आकडा लहान कामासाठी आणि वजनाची माहिती नसताना वापरायचा आहे, हे त्याच मार्गदर्शिकेत लिहिलेले आहे.

माहिती नाही ही सबब तर अजिबात मान्य होण्यासारखी नाही. प्रत्येक साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामातल्या प्रत्येक वाहनाचे भरलेले आणि रिकामे वजन नोंदलेले असते. बाजार समित्यांचे काटे आहेत. कारखानी मालासाठी मे २०१८ पासून राज्यांतर्गत ई-वे बिल आहे, त्यात माल कोठून कोठे जातो ते पिनकोडसह मिळते. ताजा शेतमाल ई-वे बिलातून वगळला आहे, म्हणून त्याच्यासाठी कारखाना आणि बाजार समितीचा काटा हाच आधार. ही सगळी माहिती शासनाच्या आवाक्यात आहे. ती रस्ते विभागाच्या टेबलावर कधी येत नाही.

२. देखभालीचा पैसा कमी, उशिरा आणि तुकड्यांत.

नवीन कामांचा पैसा ५०५४ या लेखाशीर्षातून येतो, देखभालीचा ३०५४ मधून. नव्या कामाचे भूमिपूजन होते, फलक लागतो. नूतनीकरणाच्या थराला यातले काही मिळत नाही, म्हणून काटछाटीची वेळ आली की तोच मागे पडतो. शिवाय शेकडो नवी कामे टोकन, म्हणजे नाममात्र, तरतुदीवर यादीत घेतली जातात. ती पूर्ण होत नाहीत आणि चालू रस्त्यांचाही वाटा खातात.

डांबराचा वरचा थर पाच-सहा वर्षांत कडक होतो, त्याला बारीक चिरा पडतात. चिरेतून पाणी खालच्या डब्ल्यूएमएमच्या, म्हणजे पाणी मिसळून दाबलेल्या, खडीत उतरते. वरून भरलेले चाक गेले की दाबाने ते पाणी बारीक माती घेऊन वर येते. खडी सुटी होते, थर खचतो, खड्डा पडतो. चिरा दिसताच ४० मिलिमीटरचा नवा थर दिला तर हे थांबते. सात मीटर रुंदीच्या एका किलोमीटरला त्यासाठी २८० घनमीटर म्हणजे सुमारे ६७० टन मिश्रण लागते आणि साडेपाच टक्क्यांप्रमाणे साधारण ३७ टन डांबर. दोन पावसाळे तसेच जाऊ दिले तर खालचा थरही उकरावा लागतो आणि खर्च कैक पटींनी वाढतो. राज्यभर हेच चालले आहे.

खड्डा भरण्याची रीत प्रत्येक शाखा अभियंत्याला पाठ आहे. कडा उभ्या आणि चौकोनी कापायच्या, सुटी खडी व धूळ काढायची, टॅक कोट, म्हणजे नवे मिश्रण चिकटण्यासाठी पातळ डांबराचा हात, मारायचा, मिश्रण थराथराने भरून दाबायचे. पैसा नसतो तेव्हा टोपलीभर मुरूम पडतो आणि तो पहिल्या सरीत वाहून जातो.

वेळेचा प्रश्न याहून कठीण. निधी मार्चअखेरीस सुटतो, कार्यारंभ आदेश एप्रिलमध्ये निघतात आणि मृगाच्या तोंडावर डांबरीकरणाची घाई होते. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश असावे लागते आणि ते ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलिंग संपावे लागते. प्लांट लांब, डंपर वाटेत अडकलेले, वरून ढग, अशा स्थितीत हे जमत नाही. दबाई कमी राहिलेला थर पहिल्याच पावसात खडी सोडतो. त्यातच ठेकेदाराची मागची बिले थकलेली असली की काम मध्येच थांबते. डब्ल्यूएमएमचा थर डांबराविना पावसाळाभर उघडा राहतो, त्यावरून भरलेल्या गाड्या जातात आणि दिवाळीनंतर तोच थर पुन्हा करावा लागतो. एकाच कामाचे दोनदा पैसे जातात.

निविदेत काम अंदाजपत्रकाच्या वीस-पंचवीस टक्के खाली गेले असेल तर ही तूट कोठून भरून निघते, तेही विचारायला हवे. मिश्रणात अर्धा टक्का डांबर कमी घातले की किलोमीटरमागे तीन टनांहून अधिक डांबर वाचते. डोळ्यांना ते दिसत नाही, प्रयोगशाळेतच दिसते.

३. रुंदी, साइडपट्टी आणि पाणी.

मालवाहू गाडीची रुंदी कायद्याने २.६ मीटरपर्यंत असू शकते. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर समोरासमोर अशा दोन गाड्या आल्या तर उरतात ३० सेंटिमीटर. एकाला चाक खाली घालावेच लागते. साइडपट्टी खचलेली असली की डांबराची कड तुटते, गाडी कलते, पुढच्या वर्षी रस्ता आणखी अरुंद होतो. साइडपट्टीचा कडक मुरूम आणि त्याचा उतार हे स्वस्तातले काम आहे, पण नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकातून पहिल्यांदा तेच कापले जाते. गटारे बुजलेली असतात, मोऱ्यांचे पाइप गाळाने भरलेले असतात. काळ्या मातीवरच्या रस्त्यात पाणी मुरले की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचा थर लाटांसारखा होतो. तिथे कितीही डांबर ओतले तरी उपयोग नाही. आधी पाणी काढले पाहिजे, मग खालची माती बदलली किंवा चुन्याने स्थिर केली पाहिजे.

४. ‘तत्त्वतः’ राष्ट्रीय महामार्ग.

२०१४ नंतरच्या चार-पाच वर्षांत राज्यातल्या राष्ट्रीय महामार्गांची लांबी तिपटीच्या पुढे गेली. त्याच काळात अनेक राज्य महामार्ग ‘तत्त्वतः’ राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित झाले. राज्याने त्यांच्यावरचा खर्च आखडता घेतला, कारण ते केंद्राकडे जाणार होते. केंद्राने पैसा दिला नाही, कारण क्रमांक आणि अधिसूचना झालेली नव्हती. मधल्या वर्षांत खड्डा नेमका कोणाचा, याचे उत्तर उपविभागातही मिळत नव्हते. ज्या रस्त्यांचे असे अजून अधांतरी आहे, त्यांची यादी शासनाने जाहीर करावी.

५. पूल आणि घाट.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह गेल्या. तो राष्ट्रीय महामार्गावरचा पूल होता. राज्य महामार्गांवर तेवढे जुने पूल आणि पावसात पाण्याखाली जाणारे फरशी पूल अजून आहेत आणि त्यांवरून आजचे भार जातात. पुलाची भारक्षमता पुलाशेजारी टनांत लिहिलेली नसते. चालकाने ठरवायचे कसे?

घाटांबद्दल एकच उदाहरण देतो. करूळ घाट काँक्रीटीकरणासाठी जानेवारी २०२४ मध्ये बंद झाला आणि वर्षभर बंद राहिला. कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग यांच्यामधली जड वाहतूक फोंडा घाटावर, म्हणजे देवगड-निपाणी राज्य महामार्गावर वळली. मोठ्या घाटाचे काम हातात घ्यायचे असेल तर पर्यायी रस्ता आधी त्या भाराला तयार करायचा, वळणे रुंद करायची, संरक्षक भिंती आणि दरडीकडची गटारे नीट करायची आणि त्याचा खर्च मूळ कामाच्याच अंदाजपत्रकात धरायचा. पर्यायी रस्त्याचे नुकसान हाही त्याच कामाचा खर्च आहे.

६. पैसा आम्ही देतो.

डिझेलवर केंद्राचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आहे, राज्याचा मूल्यवर्धित कर आहे, वर मोटार वाहन कर आहे. २०१५ पासून राज्याच्या ५३ टोलनाक्यांवर मोटारी आणि एसटीला सूट मिळाली, ट्रकला नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय रस्ते निधी रेल्वे, जलमार्ग, शिक्षण, आरोग्य यांच्या पायाभूत सुविधांसाठीही वापरता येतो. ती कामेही हवीत. पण मालवाहतुकीकडून गोळा झालेल्या पैशातला किती वाटा माल वाहणाऱ्या राज्य महामार्गांवर परत येतो, हा आकडा अर्थसंकल्पात स्वतंत्र दिसत नाही.

७. काँक्रीट हा सगळ्यावरचा उपाय नाही.

सुधारित हायब्रिड ॲन्युइटी योजनेत (काही पैसा शासन बांधकामाच्या वेळी देते, बाकी ठेकेदार उभा करतो आणि त्याला तो हप्त्यांनी मिळतो) सुमारे ६ हजार किलोमीटर रस्त्यांचे सुमारे ३७ हजार कोटींचे काँक्रीटीकरण जाहीर झाले आहे. जिथे पाणी साचते, गावठाणातून रस्ता जातो, भार प्रचंड आहे, तिथे काँक्रीट योग्यच. पण काळ्या मातीवर खालचा थर न सुधारता टाकलेले काँक्रीट तडकते. सांधे वेळेत कापले नाहीत, सांध्यांतल्या लोखंडी सळया (डॉवेल बार) वाकड्या बसल्या, सील निघाले, पुरेशी मुदत देण्याआधी उसाच्या गाड्या सोडल्या, की फळ्यांना कोपऱ्यातून भेगा जातात. डांबरी रस्ता उकरून पुन्हा करता येतो, काँक्रीटची फळी फोडून बदलणे महाग आणि वाहतूक अडवणारे. या सहा हजार किलोमीटरमध्ये कोणता रस्ता कोणत्या वजनगणनेवर निवडला, ते जाहीर झाले पाहिजे.

ओव्हरलोडबद्दल आमच्या बाजूचेही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याची तरतूद आहे. दंड घेतला जातो, माल मात्र उतरवला जात नाही आणि गाडी तशीच पुढे जाते. नियमात माल भरणाऱ्याचे भाडे त्यामुळे मारले जाते. कारवाई कडक व्हावी अशी आमची मागणी आहे, आणि ती खाणीच्या, क्रशरच्या व कारखान्याच्या गेटावर व्हावी, जिथे गाडी भरली जाते. त्याच कायद्याचे कलम १९८-अ सदोष रस्त्यासाठी ठेकेदार, सल्लागार आणि जबाबदार यंत्रणा यांनाही एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. त्याचा वापरही तितकाच कडक असावा.

आमच्या मागण्या :

१) माल वाहणाऱ्या राज्य महामार्गांची स्वतंत्र यादी करावी. निवडीचा निकष एकच असावा, रस्त्यावरून वर्षाला जाणारा भार. मतदारसंघनिहाय समान वाटप या यादीला लागू करू नये.

२) या यादीतल्या प्रत्येक रस्त्यावर गळीत हंगामात किंवा त्या भागातल्या सुगीत सात दिवसांची गणना आणि एक्सलच्या वजनाचे सर्वेक्षण करावे. कारखाने, बाजार समित्या आणि ई-वे बिल यांची माहिती त्याला जोडावी. तक्त्यातला गुणक वापरून या रस्त्यांची आखणी करू नये.

३) या यादीच्या देखभालीसाठी ३०५४ मध्ये वेगळी, दुसरीकडे वळवता न येणारी तरतूद करावी. नूतनीकरणाचे वेळापत्रक रस्तानिहाय जाहीर करावे. पावसाळ्याआधीच्या खड्डेभरणीचा पैसा त्यातून वेगळा असावा.

४) निधी आणि कार्यारंभ आदेश दसऱ्यापर्यंत निघावेत, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल हे कोरडे महिने कामाला मिळतील. बिले ठरलेल्या मुदतीत द्यावीत. टोकन तरतुदीवर नवीन कामे घेणे या रस्त्यांपुरते तरी थांबवावे.

५) अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दराने गेलेल्या कामात डांबराचे प्रमाण, जाडी आणि दबाई यांची तपासणी त्रयस्थ प्रयोगशाळेकडून करावी आणि अहवाल किलोमीटरनिहाय सर्वांना पाहता यावेत. दोषदायित्व कालावधी (ज्यात ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायचे) आणि ठेकेदाराचे नाव रस्त्यावर फलकावर असावे.

६) साइडपट्टी, गटार आणि मोऱ्या यांचा खर्च नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकातून काढता येणार नाही, असा शासन निर्णय करावा.

७) प्रत्येक जुन्या पुलाची भारक्षमता तपासून दोन्ही टोकांना टनांत लिहावी. जिथे आजचा कायदेशीर भार पेलत नाही, तिथे पर्यायी रस्ता आणि नव्या पुलाची तारीख त्याच फलकावर द्यावी.

८) अधांतरी ‘तत्त्वतः’ रस्त्यांबाबत केंद्राचा निर्णय होईपर्यंत देखभाल राज्याने करावी आणि खर्चाचा हिशोब केंद्राकडे मागावा.

९) शक्तिपीठ किंवा दुसऱ्या कोणत्याही नव्या द्रुतगती मार्गासाठी कर्ज उभे करताना त्या जिल्ह्यांतल्या मालवाहतुकीच्या राज्य महामार्गांची थकलेली नूतनीकरणे किती आणि त्यांना किती पैसा लागेल, हे विधिमंडळापुढे त्याच वेळी ठेवावे.

पहिल्या दोन मागण्यांना मोठा खर्च लागत नाही, येत्या गळीत हंगामात त्या पूर्ण होऊ शकतात. बाकीच्यांचे उत्तर आम्ही पुढच्या अर्थसंकल्पात ३०५४ च्या पानावर शोधू.

कळावे,

राज्य महामार्गांवरून माल नेणारे वाहतूकदार, शेतमाल पाठवणारे शेतकरी आणि रस्ते बांधणीतले निवृत्त अभियंते